ट्वीटरने कुठून गावे

घरी स्पीकर बनवणारी दोन माणसे भेटली की प्लाय कोणता, वूफर कोणता एवढी चौकशी झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘क्रॉसओव्हर किती हर्ट्झला ठेवलास?’ विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि सांगणाराही २५०० किंवा ३००० असे काहीतरी सांगून मोकळा होतो. खालचे सगळे स्वर वूफर या मोठ्या स्पीकरने गायचे, वरचे ट्वीटर या छोट्या स्पीकरने, क्रॉसओव्हर म्हणजे दोघांना स्वर वाटून देणारा फिल्टर आणि दोघांची हद्द या आकड्यावर, इतके ते सरळ वाटते. पण हा आकडा लिहिताना आपण ट्वीटरला किती राबवणार आणि तो किती वर्षे टिकणार, याचाही निकाल लावत असतो. ट्वीटर जळू नये म्हणून फ्यूज, बल्ब वगैरे उपायांची शोधाशोध बहुतेक जण स्पीकर पूर्ण झाल्यावर करतात. माझे मत असे झाले आहे की ट्वीटरचे बरेचसे रक्षण हद्दीचा आकडा आणि तिचा उतार, म्हणजे हद्दीपलीकडचे स्वर किती झपाट्याने कमी होतात ते, निवडतानाच होऊन गेलेले असते. तिथे ते हुकले, तर नंतर जोडलेले सुटे भाग फार काही वाचवू शकत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा ट्वीटर घेतला, तर दुकानदार बहुधा त्याच्याबरोबर खालचे स्वर अडवणारा एक कंडेन्सरही हातावर ठेवतो. तो २.२ किंवा ४.७ मायक्रोफॅरडचा असतो आणि ट्वीटरच्या एका तारेत डाख देऊन जोडला की काम संपते. पुस्तके वाचून आलेले हौशी लोक या पद्धतीला हसतात, पण मला तिच्यात दुरुस्तीच्या टेबलावर आलेले शहाणपण दिसते. कंडेन्सरचे मूल्य, ट्वीटरचा रोध आणि २π यांचा गुणाकार करून त्याचा व्यस्त घेतला की हद्दीची वारंवारता मिळते. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावले तर ती सुमारे ४२०० हर्ट्झ येते आणि २.२ लावले तर ९००० हर्ट्झवर जाते. स्वस्त कागदी ट्वीटरला इतक्या वरचेच काम दिल्यामुळे तो वर्षानुवर्षे चालतो. मधला भाग वूफर जमेल तसा गातो, आवाज थोडा पोकळ राहतो, पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. अडचण येते ती हाच उपाय चांगल्या, महाग, रेशमी घुमटाच्या (घुमटाकार पडद्याच्या) ट्वीटरवर करून हद्द २५०० हर्ट्झपर्यंत खाली आणली जाते तेव्हा. सूत्रात ८ मायक्रोफॅरड व्यवस्थित बसतात, गणितात काही चूक नसते आणि तरीही आवाज जरा वाढवला की तो उंची ट्वीटर चरचरू लागतो.

कारण घुमटाच्या हालचालीत आहे. घुमट हवेला जितका प्रवेग देतो तितका ध्वनीचा दाब निर्माण होतो. त्यामुळे तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर घुमटाला चौपट अंतर हलावे लागते आणि दोन सप्तके खाली सोळापट. २५ मिलिमीटरच्या घुमटाचे क्षेत्रफळ, कडेची घडी धरून, साधारण ७ चौरस सेंटिमीटर भरते. असा घुमट मोठ्या सपाट फळीत बसवून १ मीटरवर ९६ डेसिबल आवाज मागितला, तर ३००० हर्ट्झला तो मधल्या स्थितीपासून एका बाजूला जेमतेम ०.०४ मिलिमीटर हलतो. १५०० हर्ट्झला हे अंतर ०.१५ मिलिमीटर होते आणि ७५० हर्ट्झला ०.६ मिलिमीटर. घुमटी ट्वीटरची व्हॉइस कॉइल, म्हणजे घुमटाला चिकटलेले तारेचे वेटोळे, चुंबकाच्या फटीत इमानाने हलू शकते ती साधारणपणे ०.३ ते ०.५ मिलिमीटर. त्यापलीकडे चुंबकाची पकड सुटू लागते, आवाज फाटतो आणि कॉइलला पोचणाऱ्या बारीक तारांवर ताण येतो. ३००० हर्ट्झवर ज्याला श्रम म्हणून जाणवत नव्हते तोच ट्वीटर ७५० वर आपल्या कुवतीबाहेरचे काम करत असतो. हा भाग संगीतात ओस पडलेला असता तर गोष्ट वेगळी होती. पण गायिकेच्या तार सप्तकातले वरचे स्वर, बासरी, हार्मोनियमचे उपस्वर असे कितीतरी इथेच गजबजलेले असते.

आता एकट्या कंडेन्सरचा उतार पाहावा. तो हद्दीच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल कापतो, तर घुमटाची हालचाल दर सप्तकाला १२ डेसिबल (म्हणजे चौपट) वाढते. वजाबाकी केली की ६ डेसिबलची वाढ शिल्लक राहते, म्हणजे फिल्टर लावलेला असूनही ट्वीटर खाली जाताना दर सप्तकाला दुप्पट हलत असतो. ही वाढ त्याच्या स्वतःच्या अनुनाद-वारंवारतेपर्यंत (जिथे तो आपोआप सर्वांत सहज थरथरतो तिथपर्यंत), म्हणजे साधारण ५०० ते १५०० हर्ट्झच्या दरम्यान जी काही असेल तिथपर्यंत, चालू राहते आणि मग ओसरते. कंडेन्सरच्या पुढे ट्वीटरला समांतर एक कॉइल (तारेचे सुटे वेटोळे, आतली व्हॉइस कॉइल नव्हे) जोडून उतार १२ डेसिबल केला, की हालचाल हद्दीखाली वाढायची थांबते आणि अनुनादापर्यंत जवळपास तेवढीच राहते. १८ किंवा २४ डेसिबलच्या उताराला ती हद्दीपासूनच कमी होऊ लागते. क्रॉसओव्हरवरच्या चर्चांत पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे ६ डेसिबल उताराच्या, फिल्टरची ‘स्वच्छ फेज’ (लहरींचा एकमेकींशी ताल), ‘नैसर्गिक ध्वनी’ अशी स्तुती पुष्कळ ऐकू येते आणि ती कागदावर खोटी नाही. परंतु २५ मिलिमीटरच्या घुमटाला २५०० हर्ट्झपासून गायला लावणाऱ्याने ही वजाबाकी आधी करावी आणि फेजबद्दल मग बोलावे.

त्यात आणखी एक खाचखळगा असा की ट्वीटर म्हणजे ८ ओहमचा रेझिस्टर नव्हे. अनुनादाच्या ठिकाणी त्याचा रोध उंचावतो. आत काही शमन नसेल तर तो सहज २० ओहमपर्यंत जातो. वरच्या उदाहरणातला ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ७०० हर्ट्झला ८ ओहमच्या रेझिस्टरवरचा विद्युतदाब सुमारे ११ डेसिबलने कमी करील. तिथे २० ओहम असतील तर मात्र जेमतेम ५ डेसिबल कमी होतो. जिथे ट्वीटर सर्वांत जास्त हलतो नेमका तिथेच फिल्टर सर्वांत ढिला पडतो. यावर एक उपाय म्हणजे ट्वीटरला समांतर कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टर यांची एक साखळी जोडून तो उंचवटा सपाट करणे. दुसरा उपाय कारखान्यातच केलेला असतो : चुंबकाच्या फटीत फेरोफ्लुइड भरणे. चुंबकाला चिकटून राहणारा हा द्रव १९६० च्या दशकात नासामध्ये, गुरुत्वाकर्षण नसताना रॉकेटचे इंधन हवे तिकडे ओढता यावे या विचारातून जन्माला आला. तिथे त्याचे फारसे काही झाले नाही, पण ट्वीटरच्या फटीत तो कायमचा मुक्कामाला आला. तो अनुनादाचा उंचवटा दाबतो आणि कॉइलची उष्णता भोवतीच्या लोखंडाकडे पोचवतो. मात्र पंधरा-वीस वर्षांत तो सुकून घट्ट होऊ शकतो, म्हणून जुना ट्वीटर मंद वाजू लागला की कॉइल जळाली असे समजण्याआधी फट तपासावी.

या सगळ्यातून खालची मर्यादा निघते. जाणती माणसे सांगतात की हद्द ट्वीटरच्या अनुनादाच्या निदान दुप्पट असावी आणि उतार १२ डेसिबलचा किंवा अधिक तीव्र असावा. उतार जितका सौम्य तितकी हद्द वर न्यावी. नियम ढोबळ आहे, पण त्याच्यामागे वरचे गणित उभे आहे, म्हणून मी तो मानतो.

मग हद्द सरळ ४००० किंवा ५००० ला ठेवून निश्चिंत का होऊ नये? कारण वरच्या बाजूला वूफर आपली मर्यादा घेऊन उभा असतो. जोपर्यंत ध्वनीच्या लहरीची लांबी वूफरच्या कोनाच्या (शंकूसारख्या पडद्याच्या) व्यासापेक्षा बरीच मोठी असते तोपर्यंत वूफरचा आवाज चहूकडे पसरतो; लांबी व्यासाच्या जवळ आली की तो समोर झोताप्रमाणे एकवटू लागतो. १६५ मिलिमीटरचा म्हणून विकल्या जाणाऱ्या वूफरचा प्रत्यक्ष हलणारा कोन १३० मिलिमीटरच्या आसपास असतो. ध्वनीची लांबी तेवढी होते ती सुमारे २६५० हर्ट्झला, आणि झोत बनण्याची प्रक्रिया त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. याच वूफरला ४००० पर्यंत गायला लावले तर बाजूला बसलेल्याला ३००-४०० पासून २००० पर्यंतचा आवाज भरपूर मिळतो, पुढे तो क्षीण होत जातो आणि ट्वीटर सुरू झाला की एकाएकी पुन्हा फुलतो, कारण इवलासा घुमट त्याच वारंवारतेला खोलीभर पसरत असतो. समोर बसून मोजमाप केले तर आलेख सरळ दिसतो. पण आपल्या घरांत जमिनीवर फरशी, भिंतींना गिलावा आणि गालिचा क्वचितच, त्यामुळे बाजूला गेलेला आवाज भिंतींवरून उसळून कानावर येतोच. अशा स्पीकरवर गायकाचे ‘स’ आणि ‘श’ टोचतात. ट्रेबल कमी केला तर आवाज निस्तेज होतो आणि टोचणी तशीच राहते, कारण दोष प्रमाणाचा नसून पसरण्याचा असतो. ताठ धातूच्या कोनाचा वूफर असेल तर वरच्या भागात कोन स्वतःच थरथरून किंचाळतो, ती भर वेगळी.

त्यामुळे दुसऱ्याच्या स्पीकरमधला आकडा उचलून चालत नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमधून ऐकण्यासाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला. त्यात हद्द ३००० हर्ट्झला आहे आणि त्या कीर्तिवंत आकड्याची नक्कल आजही होते. पण त्यात केफ कंपनीचा लहानसा बी११० वूफर आहे, तो ३००० पर्यंत ऐसपैस पसरतो. आणि टी२७ ट्वीटरचा घुमट १९ मिलिमीटरचा आहे, त्याला त्याहून खाली उतरवणे इष्टही नव्हते. तो आकडा त्या दोघांनी मिळून ठरवलेला आहे. त्याच ३००० वर कोणी २०० मिलिमीटरचा वूफर आणि दणकट २५ मिलिमीटरचा घुमट यांची गाठ घालतो, तेव्हा वूफरला नको तितके वर चढवले जाते आणि ट्वीटरची खाली उतरण्याची ताकद वाया जाते.

मला ज्या जोडीचा सर्वांत अधिक परिचय आहे ती म्हणजे १६५ मिलिमीटरचा कागदी कोनाचा वूफर आणि ७०० हर्ट्झ अनुनादाचा २५ मिलिमीटरचा रेशमी घुमट. मध्यम खोलीसाठी, खिशाला झेपेल अशा घरगुती स्पीकरसाठी याहून समंजस जोडी नाही, असे मी म्हणेन. ट्वीटरच्या बाजूने हिशोब मांडला तर दुप्पट अनुनाद १४०० हर्ट्झ होतो. थोडी मोकळीक ठेवायची म्हणून १८०० च्या खाली जाऊ नये. वूफरच्या बाजूने २५०० च्या वर जाऊ नये. यानंतर दोघांच्या केंद्रांमधले अंतर पाहावे लागते, कारण हद्दीजवळ दोघेही एकच स्वर गात असतात आणि हे अंतर ध्वनीच्या लांबीपेक्षा जास्त झाले की मान वरखाली केली तरी आवाज बदलतो. ट्वीटरची पट्टी वूफरच्या कडेला अगदी चिकटवून बसवली तरी केंद्रांत १४ सेंटिमीटर अंतर राहतेच. २२०० हर्ट्झच्या ध्वनीची लांबी साडेपंधरा सेंटिमीटर आहे, म्हणजे तिथे गणित जेमतेम जमते. (सुताराला ही दोन भोके शेजारी-शेजारी का हवीत हे पटवून द्यावे लागते, मध्ये दोन बोटे लाकूड राखले की डबा मजबूत होतो, असे त्याचे म्हणणे असते आणि सुतार म्हणून ते योग्यच असते.) अशा तीन दिशांनी आवळत आणले की २२०० हर्ट्झ आपोआप समोर येतो.

उतारासाठी मी लिंकविट्झ-रायली पद्धतीचा २४ डेसिबलचा उतार घेतो. हेवलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ती मांडली. तिच्या नावातले दुसरे गृहस्थ, रस रायली, त्यांचे सहकारी. हद्दीवर दोघेही ६ डेसिबल खाली असतात आणि एकाच तालात हलतात, म्हणून त्यांची बेरीज पूर्ण होते. तिची परीक्षा सोपी आहे. ट्वीटरच्या तारा उलट जोडून मोजमाप घेतले तर हद्दीवर आलेखात खोल खड्डा पडला पाहिजे. खड्डा उथळ आला तर दोघांचा ताल अजून जुळलेला नाही. येथे उतार म्हणजे प्रत्यक्ष ध्वनीचा उतार, नुसत्या फिल्टरचा नव्हे. ट्वीटर स्वतःही खाली उतरत असतो, त्यामुळे पुष्कळदा कंडेन्सर-कॉइल-कंडेन्सर अशी तिसऱ्या श्रेणीची मांडणी केली तरी ध्वनीचा उतार २४ डेसिबलच्या जवळ जातो. कोष्टकातून काढलेली मूल्ये ट्वीटरला रेझिस्टर समजून काढलेली असतात, म्हणून शेवटचा शब्द मायक्रोफोनचा. मोजमापासाठी रूम ईक्यू विझार्ड आणि क्रॉसओव्हर आखण्यासाठी व्हिट्युइक्सकॅड ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि ती असताना कोष्टकावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. एकच पथ्य : उघड्या ट्वीटरचे मोजमाप घेताना त्याच्याशी एकसर ३३ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर ठेवावा आणि चढता स्वर ५०० हर्ट्झच्या वरूनच सुरू करावा, कारण २० हर्ट्झपासून सुरू होणारा स्वर मोठ्याने सोडला तर पहिल्याच मोजमापात ट्वीटरची परीक्षा होऊन जाते.

कानाने तपासायचे तर माझ्या मते तंबोऱ्यासारखे साधन नाही. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ धरला, तर जोडीच्या तारेचा सोळावा उपस्वर, म्हणजे चार सप्तके वरचा षड्ज, २२१८ हर्ट्झला येतो, बरोबर आपल्या हद्दीवर. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात तार छेडल्यावर उपस्वर एकामागून एक उजळत जातात आणि ही लाट हद्दीच्या वरून खाली, खालून वर अशी सतत ओलांडत असते. क्रॉसओव्हर जमला नसेल तर झंकाराचे दोन तुकडे ऐकू येतात : खाली लाकडी घुमारा, वर पत्र्यासारखी किणकिण. जमला असेल तर तार एकच राहते. पाश्चात्त्य हौशी लोक यासाठी स्त्रीआवाजाच्या ध्वनिमुद्रिका वापरतात, त्याही चांगल्या. पण मिरजेच्या कारागिराने लावलेली जवारी लपवाछपवी अजिबात चालू देत नाही.

हालचालीचा प्रश्न असा सुटला तरी उष्णतेचा प्रश्न राहतो, आणि घरांतले बहुतेक ट्वीटर उष्णतेनेच मरतात. ट्वीटरच्या खोक्यावर ‘१०० वॅट’ छापलेले असते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्याच आकड्याशेजारी बारीक अक्षरांत अट असते की अमुक हर्ट्झच्या आणि अमुक उताराच्या फिल्टरमधून, संगीतासारख्या मिश्र संकेतावर. म्हणजे अॅम्प्लिफायर १०० वॅटचा असला आणि त्यातला मोठा वाटा वूफरने घेतला, तर हा ट्वीटर त्या संचात टिकेल, एवढाच त्याचा अर्थ. कॉइलच्या अंगावर सतत झेपणारी शक्ती पाच-दहा वॅटच्या घरात असते. कॉइलचा जीवच केवढा! कॉइलमध्ये ०.२ ग्रॅम तांबे आहे असे धरले, तर त्याचे तापमान १ अंशाने वाढायला ०.०८ ज्यूलही लागत नाहीत. उष्णतेला बाहेरची वाट मिळाली नाही तर १० वॅट एका सेकंदात तिला सव्वाशे अंशांनी तापवतील. फोडणीच्या पळीतले तेल क्षणात धुरावते आणि शेजारच्या मोठ्या पातेल्याला पत्ताही नसतो, तसा हा ट्वीटर-वूफरमधला फरक आहे. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, म्हणून जळण्याआधी ट्वीटरचा आवाज दबतो. आणि नेमका तेव्हाच, वरचे स्वर कमी वाटतात म्हणून, कोणीतरी ट्रेबल वाढवतो.

लहान अॅम्प्लिफायर ट्वीटर जाळतो, असे म्हणतात. ते पुष्कळदा खरे ठरते, पण सांगितले जाणारे कारण अर्धवट असते. अॅम्प्लिफायर तोकडा पडला की लहरींची शिखरे छाटली जातात, छाटलेल्या लहरीत नवे उपस्वर तयार होतात आणि ते ट्वीटरला जाळतात, अशी ही कथा आहे. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीतही ८१ टक्के शक्ती मूळ स्वरातच असते. उरलेल्या १९ टक्क्यांतला काही भाग ट्वीटरकडे जातो, सगळा नव्हे. मोठा घोटाळा वेगळाच आहे. समजा ३० वॅटच्या अॅम्प्लिफायरवर ढोलकीचे ठोके मर्यादेला टेकले आहेत आणि त्याच वेळी ट्वीटरला १ वॅट मिळत आहे. आता आवाजाचे बटण १० डेसिबल वर नेले. खर्ज वाढू शकत नाही, तो छतापाशीच अडतो. पण छताच्या खूप खाली असलेले वरचे स्वर मात्र मुक्तपणे वाढतात आणि ट्वीटरकडे १ च्या जागी जवळपास १० वॅट जाऊ लागतात. ऐकणाऱ्याला आवाज तितकासा मोठा झाल्यासारखे वाटत नाही, म्हणून तो बटण आणखी फिरवतो. १०० वॅटचा अॅम्प्लिफायर त्याच आवाजाला छताला टेकला नसता, आणि खर्जाच्या धडधडीने माणसाने आधीच हात आखडता घेतला असता.

उष्णतेवरचा सर्वांत स्वस्त उपाय बहुतेक संचांत नकळत केलेला असतो. ट्वीटर सहसा वूफरपेक्षा मोठा वाजतो. १ वॅटला वूफर ८७ डेसिबल आणि ट्वीटर ९१ असेल, तर ट्वीटरच्या आधी ३ ओहम एकसर आणि १४ ओहमच्या जवळपास समांतर असे दोन रेझिस्टर लावून ४ डेसिबल उतरवतात. समतोल साधण्यासाठी केलेल्या या कृतीने ट्वीटरपर्यंत पोचणारी शक्ती ४० टक्क्यांवर येते, बाकीची १० वॅटचे सिरॅमिक रेझिस्टर गिळतात. म्हणून अधिक कार्यक्षम ट्वीटर घेऊन त्याला उतरवणे हे बरोबरीचा ट्वीटर घेऊन त्याला पूर्ण ताकदीने चालवण्यापेक्षा मला नेहमीच श्रेयस्कर वाटते. कंडेन्सर नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक घ्यावा की पॉलिप्रॉपिलीन, यावर मात्र मी वाद घालत नाही. ट्वीटरच्या वाटेत पॉलिप्रॉपिलीन घ्यावा, कारण त्याचे मूल्य वर्षानुवर्षे बदलत नाही. सोन्याच्या अक्षरांचा आणि चौपट किमतीचा घेण्याची गरज नाही.

हल्ली वूफरला आणि ट्वीटरला स्वतंत्र अॅम्प्लिफायर आणि आधी डिजिटल फिल्टर, अशी ‘सक्रिय’ रचना स्वस्त झाली आहे. आकडा संगणकावर टाइप करून बदलता येतो ही तिची मौज आणि तोच तिचा धोका, कारण ट्वीटर थेट अॅम्प्लिफायरच्या तोंडाला बांधलेला असतो. सुरू करतानाचा धक्का, अॅम्प्लिफायर बिघडल्यावर येणारा एकदिश विद्युतप्रवाह, दोन तारांची अदलाबदल, चुकून रिकामी लोड झालेली फिल्टरची फाईल, यांतले काहीही ट्वीटरपर्यंत विनाअडथळा पोचते. इथेही तोच ३३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकसर ठेवावा. ८ ओहमवर त्याची हद्द ६०० हर्ट्झ येते, २२०० च्या क्रॉसओव्हरला ती जवळपास जाणवत नाही आणि उरलेला किरकोळ फरक डिजिटल फिल्टरमध्ये भरून काढता येतो. तो नसलेला सक्रिय संच मी माझ्या घरात सुरू करणार नाही.

फ्यूजवर माझा विश्वास कमी आहे. १ अँपिअरचा फ्यूज ६ ओहमच्या कॉइलमधून ६ वॅट कितीही वेळ जाऊ देतो आणि प्रवाह दुप्पट होऊन २४ वॅट झाले तरी वितळायला वेळ घेतो. तेवढ्यात पळीतले तेल पेटलेले असते. त्याहून लहान फ्यूज संगीताच्या एखाद्या प्रामाणिक ठोक्यालाच जातो. पॉलिस्विच, म्हणजे आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, तोही सावकाश जागा होतो. यांच्या तुलनेत मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब फारच गुणी आहे. थंड असताना त्याचा रोध अर्ध्या-पाऊण ओहमच्या आसपास असतो आणि पूर्ण पेटल्यावर ७ ओहम होतो. नेहमीच्या आवाजाला तो गप्प राहतो, अतिरेक झाला की उजळतो आणि जास्तीची शक्ती स्वतः खाऊन टाकतो, आणि आवाज खाली आणला की काही न जळता सगळे पूर्ववत होते. ट्वीटरची पातळी मात्र बल्ब जोडूनच मोजावी, मागाहून जोडू नये.

आणि घुमटापुढे जाळी हवी. विजेने मरणाऱ्या ट्वीटरांची एवढी चर्चा होते, पण ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे तिथे घुमटाचा खरा शत्रू तर्जनी आहे. रेशमी घुमट आत गेला तर हलक्या चिकटपट्टीने बहुधा बाहेर ओढता येतो. धातूचा घुमट दबला की त्याची सुरकुती कायमची.

घरातल्या स्पीकरला मी बल्ब लावत नाही. २२०० ची हद्द, २४ डेसिबलचा उतार, ४ डेसिबलची उतरण आणि पुरेसा मोठा अॅम्प्लिफायर असताना दिवाणखान्यात ट्वीटर मरण्याचे कारण उरत नाही. पण भाद्रपद आला की सोसायटीच्या गणपतीसाठी डबे मागायला कोणीतरी येतेच, आणि मांडवात बटण कोणाच्या हाती असेल ते सांगता येत नाही. म्हणून त्या जोडीत बल्ब आहे, हद्द २२०० ऐवजी ३००० ला उचलून ठेवली आहे आणि ट्वीटर आणखी दोन डेसिबल खाली आहे. आरती त्यावर थोडी बसक्या आवाजात ऐकू येते, हे मला मान्य आहे.